‘मदत लागते का?’ : पक्षाघाताच्या ट्रायलमध्ये अपंगत्व मोजायचे कसे

गुहागर तालुक्यातील एका वाडीत माझ्या थोरल्या काकांचे घर आहे. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी उतरून जावे लागते आणि घराच्या मागे कलमांची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत काकांच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत त्यांना स्ट्रोक आला, आणि उजवा हात व उजवा पाय लुळा पडला. मे महिन्यात, आंबा काढण्याच्या दिवसांत, मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा एकच प्रश्न तिघांना विचारला : काका आता कितपत सावरले आहेत? काका म्हणाले, “मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी.” काकी म्हणाली, “आपलं आपण सगळं करतात रे. आंघोळीचं पाणी तेवढं काढून द्यावं लागतं.” मुंबईहून फोनवर बोलणारा त्यांचा मुलगा म्हणाला, “बाबांचं काही खरं नाही. आईवाचून त्यांचं पान हलत नाही.”

माणूस एकच, दिवस एकच आणि उत्तरे तीन. माझे काम क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे नवे उपचार रुग्णांवर पद्धतशीर पारखून पाहणाऱ्या चाचण्यांच्या, नोंदी तपासण्याचे आहे, त्यामुळे या तीन उत्तरांनी मी अस्वस्थ झालो. पक्षाघातावरचे एखादे नवे औषध उपयोगी आहे की नाही, याचा निर्णय शेवटी अशाच उत्तरांवर उभा असतो. शेकडो घरांत, शेकडो रुग्णांविषयी, कोणीतरी कोणालातरी विचारते की हा माणूस आता कितपत सावरला आहे, आणि त्या संभाषणातून एक आकडा कागदावर उतरतो. तो आकडा विश्वासार्ह नसेल, तर पुढचे सारे संख्याशास्त्र वाळूवर बांधलेल्या घरासारखे होते.

हृदयविकाराच्या किंवा कर्करोगाच्या अनेक ट्रायलमध्ये किती रुग्ण जगले हे मोजणे पुरेसे ठरते. पक्षाघातात ते पुरत नाही, कारण हा आजार अनेकांना जिवंत ठेवतो, पण त्यांचे जगणे पार बदलून टाकतो. म्हणून जगभरातील बहुतेक मोठ्या ट्रायलमध्ये ‘मॉडिफाइड रँकिन स्केल’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिचे मूळ ग्लासगोचे डॉक्टर जॉन रँकिन यांच्या १९५७ मधील लेखात आहे. साठीच्या पुढच्या पक्षाघाताच्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे नोंदवण्यासाठी त्यांनी पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील ॲस्पिरिनच्या एका मोठ्या ट्रायलच्या निमित्ताने त्यांत फेरफार झाले, आणि आज ही पट्टी ० ते ६ अशी सात पायऱ्यांची आहे.

० म्हणजे कोणतेही लक्षण उरलेले नाही. १ म्हणजे थोडी लक्षणे आहेत, पण पूर्वीची सर्व कामे आणि जबाबदाऱ्या पार पाडता येतात. २ म्हणजे पूर्वीचे सगळेच जमत नाही, तरी स्वतःचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीवाचून सांभाळता येतात. ३ म्हणजे काही बाबतींत मदत लागते, पण चालताना दुसऱ्या माणसाचा आधार लागत नाही, काठी चालते. ४ म्हणजे माणसाच्या आधाराशिवाय चालता येत नाही आणि शरीरधर्मही मदतीवाचून उरकता येत नाहीत. ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, मलमूत्रावर ताबा नसलेला, सतत शुश्रूषा लागणारा रुग्ण. ६ म्हणजे मृत्यू. ही श्रेणी बहुधा आजारानंतर ९० व्या दिवशी ठरवतात.

याहून बारीक मोजपट्ट्याही आहेत. अमेरिकेत विकसित झालेली एनआयएचएसएस (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ स्ट्रोक स्केल) ही पट्टी ० ते ४२ गुणांची असून ती हात किती उचलला जातो, बोलणे कितपत स्पष्ट आहे, नजर कुठे वळते अशा गोष्टी तपासते. डॉक्टरांना ती हाताशी धरून आजाराची तीव्रता सांगता येते. पण हाताचा जोर किती गेला आणि त्या हातावाचून संसार कितपत चालतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरी पट्टी १९६५ सालची बार्थेल इंडेक्स. जेवणे, कपडे घालणे, शौचाला जाणे, जिना चढणे अशा दहा कामांना मिळून १०० गुण. तिची अडचण वरच्या टोकाला आहे. घरातल्या घरात सगळे जमणाऱ्या माणसाला पूर्ण १०० गुण मिळतात, मग त्याला बाजारहाट जमो वा न जमो, तो होडीवर परत जावो वा न जावो. रँकिनची पट्टी ढोबळ आहे, पण ती संपूर्ण माणसाविषयी विचारते. म्हणूनच ती टिकली, आणि तिच्यातली अडचणही नेमकी तिथेच आहे. ‘स्वतःचे व्यवहार’, ‘थोडीफार मदत’, ‘पूर्वीची सर्व कामे’ हे शब्द वाचायला सोपे आहेत, पण त्यांची सीमा प्रत्येक जण आपापल्या अनुभवाने आखतो.

ही सीमा किती हलते, हे १९८८ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी मोजून पाहिले. १०० रुग्णांना प्रत्येकी दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे भेटून श्रेणी दिली. ६५ रुग्णांबाबत दोघांचे एकमत झाले, ३२ बाबतींत एका पायरीचा फरक पडला आणि ३ बाबतींत दोन पायऱ्यांचा. एकमत मोजताना एक काळजी घ्यावी लागते, कारण डोळे मिटून आकडे ठोकले तरी काही ठिकाणी ते योगायोगाने जुळतातच. तो योगायोग वजा करून उरलेले एकमत सांगणाऱ्या आकड्याला ‘कॅपा’ म्हणतात. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग. वरच्या अभ्यासात तो ०.५६ होता. याच अभ्यासात दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे एका पायरीच्या चुकीला सौम्य आणि मोठ्या चुकीला कडक धरून काढलेला ‘भारित कॅपा’ ०.९१ आला.

या दुसऱ्या आकड्याविषयी मला वाचकांना सावध करावेसे वाटते. ०.९१ हा आकडा पाहून पट्टी उत्तम आहे असे वाटते, पण त्याच्या पोटात शंभरांतील पस्तीस मतभेद आहेत. एका पायरीची चूक किरकोळ मानणे हे रुग्णाची सर्वसाधारण स्थिती जाणून घेण्यापुरते ठीक आहे. ट्रायलमध्ये मात्र अनेकदा ‘० किंवा १ म्हणजे यश, बाकी सारे अपयश’ अशी एकच रेघ मारलेली असते. त्या रेघेच्या अल्याडपल्याड झालेली एका पायरीची चूक म्हणजे यशाचे अपयश होणे.

ही रेघ कुठे मारली यावर किती अवलंबून असते, याचे उदाहरण युरोपात घडले आहे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध सहा तासांच्या आत देऊन पाहणारी ‘ईकॅस-२’ ही ८०० रुग्णांची ट्रायल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ० व १ या श्रेणींना यश मानायचे असे आधीच ठरले होते. औषधाच्या गटात ४०.३ टक्के आणि खोटे औषध दिलेल्या गटात ३६.६ टक्के रुग्ण तिथे पोहोचले. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता, म्हणून निकाल प्रतिकूल लागला. पुढे त्याच रुग्णांची रेघ एक पायरी खाली सरकवून ० ते २ यांना यश धरले, तेव्हा आकडे ५४.३ आणि ४६ टक्के झाले आणि फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. रुग्ण तेच होते, औषधही तेच होते. निकाल पाहून मागाहून रेघ हलवणे योग्य नव्हे, हे खरेच आहे. पण एका पायरीवर केवढा भार आहे, हे यातून दिसते.

आमच्या क्षेत्रातही कधीकधी ऐकू येते की मोजणारे दोन्ही गटांत सारखेच चुकत असतील तर चुकांची फिटंफाट होते. तसे होत नाही, आणि हे साध्या आकडेमोडीने दाखवता येते. समजा, नव्या उपचाराच्या गटात शंभरांतील ४० आणि जुन्या उपचाराच्या गटात ३० रुग्ण खरोखर चांगले सावरले आहेत. मोजणारा दोन्हीकडे सारखाच चुकतो : सावरलेल्यांपैकी १५ टक्क्यांना न सावरलेले ठरवतो आणि न सावरलेल्यांपैकी १५ टक्क्यांना सावरलेले. मग पहिल्या गटात ४० पैकी ३४ जण कागदावर सावरलेले राहतात आणि उरलेल्या ६० पैकी ९ जण चुकून त्यांत येतात, बेरीज ४३. दुसऱ्या गटात साडेपंचवीस आणि साडेदहा मिळून ३६. दहाचा खरा फरक कागदावर सातचा झाला. नेहमीच्या हिशेबाने, म्हणजे असा फरक दहापैकी आठ वेळा पकडता यावा या बेताने, दहाच्या फरकासाठी प्रत्येक गटात सुमारे ३५० रुग्ण पुरतात, तर सातच्या फरकासाठी सुमारे ७६० लागतात. मोजण्याच्या ढिलाईपायी दुपटीहून अधिक रुग्णांना ट्रायलमध्ये घ्यावे लागते, आणि तेवढे घेता आले नाहीत तर एखादे उपयोगी औषध निरुपयोगी ठरून बाजूला पडते. माझ्या दृष्टीने हा त्या रुग्णांवर होणारा अन्याय आहे, कारण त्यांनी आपल्या आजाराच्या सर्वांत कठीण दिवसांत ट्रायलला होकार दिलेला असतो.

रेघेचा जाच कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे सातही पायऱ्यांवर रुग्णांची वाटणी कशी सरकली ते पाहणे. गुठळी नळीवाटे काढून टाकण्याच्या उपचारावरील नेदरलँड्समधील ‘एमआर क्लीन’ या ५०० रुग्णांच्या ट्रायलने मुख्य निकाल असाच मांडला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच उपचारावरील ‘डॉन’ ट्रायलने आणखी पुढे जाऊन प्रत्येक पायरीला दहापैकी किंमत दिली : ० ला १०, १ ला ९.१, २ ला ७.६, ३ ला ६.५, ४ ला ३.३, आणि ५ व ६ या दोन्हींना शून्य. यातून ३ वरून ४ वर घसरणे हे १ वरून २ वर घसरण्यापेक्षा कितीतरी महाग आहे, हे उघड होते, आणि ते पटते. अंथरुणाला खिळलेल्या जिवाची आणि मृत्यूची किंमत एकच धरलेली मात्र मला आजही पचत नाही. ज्या घरांत अशा माणसाला वर्षानुवर्षे हाताने भरवले जाते, त्या घरांना कोणी ही किंमत विचारलेली नाही.

हिशेबाची रीत कोणतीही घेतली, तरी मुळातला आकडा संभाषणातूनच येतो. म्हणून सर्वांत मोठी सुधारणा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत झाली. स्कॉटलंडमधील संशोधकांनी ठरलेल्या प्रश्नांची एक मुलाखत तयार केली. ती वरच्या टोकाकडून खाली येत नाही. आधी सतत शुश्रूषा लागते का ते विचारते, मग खाणे, शौच, स्वच्छता आणि चालणे, मग साधे खाणे तयार करणे, घरकाम, पैशांचे व्यवहार, खरेदी आणि जवळपासचा प्रवास, मग कामधंदा व समाजातला वावर, आणि शेवटी उरलेली लक्षणे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११३ रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या पट्टीने ४३ टक्के रुग्णांबाबत एकमत झाले होते, ठरलेल्या मुलाखतीने ८१ टक्क्यांबाबत झाले, कॅपा ०.२५ वरून ०.७४ वर गेला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फायदा दिसलेला नाही, त्यामुळे प्रश्नावली हातात दिली की काम झाले असे कोणी समजू नये. पण तिने एक गोष्ट पक्की केली : ‘मदत’ म्हणजे दुसऱ्या माणसाने हात लावणे, तोंडी सूचना देणे किंवा देखरेख करणे, आणि ती मदत अत्यावश्यक आहे का, एवढेच पाहायचे.

‘अत्यावश्यक’ या शब्दापाशी आपल्याकडे फार सांभाळावे लागते. मराठीत ‘तुम्हाला कोणी मदत करतं का?’ आणि ‘तुम्हाला मदत लागते का?’ हे दोन प्रश्न दिसायला जुळे आहेत. पहिला विचारला तर कोकणातल्या बहुतेक घरांत उत्तर ‘हो’ येईल, कारण घरची माणसे न विचारता करत असतात. काकांच्या आंघोळीचे पाणी चुलाण्यावरून काढून देणे हे काकी चाळीस वर्षे करत आली आहे. ते पाणी आजाराचा पुरावा नाही. उलट सदऱ्याची बटणे ती आता लावून देते, ती काका आधी स्वतः लावत असत, म्हणून तिथे थांबून विचारावे लागते. मी विचारले, “काकी, तू आठ दिवस माहेरी गेलीस तर?” ती जरा थांबून म्हणाली, “बंडी घालतील. बटणांवाचून काय अडतंय?” म्हणजे बटणे लावण्यात प्रेम होते, गरज नव्हती. चहा आणि पेज त्यांना करता येते का, हे विचारल्यावर दोघेही हसले, कारण काका उभ्या आयुष्यात चुलीजवळ गेले नव्हते. अशा वेळी ‘करतात का’ हे न विचारता ‘वेळ आली तर करू शकतील का’ हे विचारायचे असते, आणि शंका असेल तर करायला सांगायचे असते. काकांनी डाव्या हाताने गॅस पेटवून आधण ठेवले, साखर थोडी सांडली, पण चहा झाला.

हाच आजार काकीला झाला असता, तर त्याच उजव्या हाताने तिची श्रेणी वेगळी ठरली असती. भाकरी थापणे, विहिरीचे पाणी शेंदणे, मासळी साफ करणे ही तिची ‘पूर्वीची सर्व कामे’ आहेत. पट्टी माणसाची तुलना त्याच्याच पूर्वायुष्याशी करते, म्हणून आजारापूर्वी हा माणूस नेमके काय करत होता, याची नोंद पहिल्याच दिवशी झाली पाहिजे. तीन महिन्यांनी आठवून सांगितलेले पूर्वायुष्य नेहमी जास्त उजळ असते.

दुसरे पथ्य म्हणजे श्रेणी देणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटात होता हे कळता कामा नये. गोळी आणि तशीच दिसणारी खोटी गोळी असेल तर हे सोपे असते. पण उपचारच उघड असेल तर? भारतातील १४ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ ट्रायलमध्ये १,२५० रुग्ण होते. एका गटातील नातेवाइकांना रुग्णाचा व्यायाम घेण्याचे आणि त्याला कामे पुन्हा शिकवण्याचे प्रशिक्षण दिले होते. कोणाला शिकवले आणि कोणाला नाही, हे त्या घरांपासून लपवता येणे शक्यच नव्हते. म्हणून सहा महिन्यांनी श्रेणी ठरवणाऱ्यांना गट सांगितलेला नव्हता. दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण ३ ते ६ या श्रेणींत, म्हणजे परावलंबी किंवा मृत, निघाले. शिकवणाऱ्यांनीच मोजमाप केले असते, तर आपल्या मेहनतीचे फळ त्यांना दिसल्याशिवाय राहिले नसते, आणि त्यात लबाडी असण्याचीही गरज नव्हती. सारख्या प्रमाणातली चूक फरक पुसट करते. एकाच बाजूला झुकलेली चूक नसलेला फरक निर्माण करते, आणि ती अधिक घातक आहे. म्हणून श्रेणी ठरवण्यासाठी घरी फोन करणारी व्यक्ती सुरुवातीलाच सांगते की कोणता उपचार झाला ते मला सांगू नका, आणि नातेवाईक तरीही सांगून बसले तर तसे प्रामाणिकपणे नोंदवायचे असते.

मोजणाऱ्यांना आता चित्रफिती दाखवून शिकवतात आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. काही ट्रायलमध्ये मुलाखतीचे चित्रीकरण दुसरीकडे पाठवून तिथली समिती स्वतंत्रपणे श्रेणी देते. हे खर्चिक आहे, पण दुप्पट रुग्ण जमवण्यापेक्षा स्वस्तच पडते.

ज्यांचे मोजमापच झाले नाही, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. आमच्या भागात रुग्णाला मुलगा मुंबईला घेऊन जातो, गणपतीला परत आणतो, मधल्या काळात फोन नंबर बदललेला असतो. जे सापडत नाहीत ते यदृच्छेने सुटलेले नसतात. कोणी पूर्ण बरा होऊन होडीवर गेलेला असतो, कोणी वारलेला असतो. फोनवरून श्रेणी ठरवता येते, पण फोन कोण उचलतो हे नोंदवले पाहिजे. काकांच्या मुलाने फोन उचलला असता तर ३ किंवा ४ पडले असते, आणि काकांनी उचलला असता तर १.

त्या दिवशी मी सारे प्रश्न क्रमाने विचारले. काका पाखाडी काठी टेकत एकटे चढतात. आंब्यांचा हिशेब स्वतः लिहितात, अक्षर वेडेवाकडे, बेरीज बरोबर. झेल्याने आंबे काढणे मात्र सुटले, म्हणून १ नाही. माझ्या मनात २ ठरत आले होते. राहिला प्रवास. काका म्हणाले, “गुहागरला एसटीने जातो की.” काकी म्हणाली, शेजारचा मुलगा बरोबर असतो. मी त्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, “काका पुढे चालतात, मी नुसती पिशवी घेतो. गाडीच्या पायरीवर तेवढा हात द्यावा लागतो. मी नसलो तर कंडक्टर देतो.” एसटीची पायरी उंच, उजवा पाय उचलत नाही आणि हात दिल्याशिवाय चढता येत नाही. आजाराआधी काका चालत्या गाडीतही चढत. म्हणजे जवळच्या प्रवासासाठी दुसऱ्या माणसाची मदत अत्यावश्यक आहे. मी वहीत ३ लिहिले आणि पुढे कारण लिहिले, म्हणजे दुसरा कोणी वाचेल तेव्हा त्यालाही पारखून पाहता येईल. काकांना तो आकडा सांगितला नाही.

दिवाळीत पुन्हा गेलो, तेव्हा काका डाव्या हाताने दांडा धरून, आधी डावा पाय वर टाकून, कोणाचाही हात न घेता गाडीत चढले आणि खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिले. आता २ म्हणायला हरकत नव्हती. ते एखाद्या ट्रायलमध्ये असते, तर मात्र ९० व्या दिवसाची ३ ही नोंद बदलता आली नसती, कारण बाकीच्या शेकडो जणांनाही त्याच दिवशी मोजलेले असते.